थायरॉईडमधली आठ मिलिमीटरची गाठ

रक्ताचा रिपोर्ट सांगतो की थायरॉईडचं काम उत्तम चाललंय; टीएसएच २.१ आहे. सोनोग्राफीचा रिपोर्ट सांगतो की थायरॉईडच्या उजव्या पाळीत आठ मिलिमीटरची गाठ आहे. दोन्ही कागद एकाच माणसाचे, एकाच ग्रंथीचे, एकाच आठवड्यातले. मग यातला खरा कोणता? आणि दोन्ही कागद पाहून डॉक्टर जेव्हा म्हणतात, "आत्ता काही करायचं नाही, वर्षभरानं परत सोनोग्राफी करून या," तेव्हा घरातल्यांच्या मनात दुसरा प्रश्न उभा राहतो. शरीरात गाठ आहे हे कळल्यावर वर्षभर थांबायचं कसं?

बहुतेक वेळा ही गाठ शोधायला कुणी गेलेलंच नसतं. मान आखडली म्हणून मणक्याचा एमआरआय होतो, चक्कर येते म्हणून मानेतल्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर होतो, खोकला हटत नाही म्हणून छातीचा सीटी स्कॅन होतो, किंवा पन्नाशी झाली म्हणून मुलांनी आग्रहानं 'फुल बॉडी चेकअप' करायला लावलेलं असतं. रिपोर्टच्या शेवटच्या ओळींत थायरॉईडच्या गाठीचा उल्लेख येतो आणि ज्या तक्रारीसाठी तपासणी केली ती बाजूलाच राहते. रात्री मोबाईलवर शोधाशोध सुरू होते. त्यात 'कॅन्सर' हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत भेटतो. तो किती वेळा लागू पडतो हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळण्यासारखी आहेत. त्यासाठी आधी ग्रंथी समजून घ्यावी लागते.

दोन कागद, दोन वेगळे प्रश्न

थायरॉईड ग्रंथी कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला पुढून बिलगून असते. डावी आणि उजवी अशा दोन पाळ्या, प्रत्येक साधारण चार-पाच सेंटिमीटर लांब, आणि त्यांना जोडणारा मधला अरुंद पट्टा. सगळं मिळून वजन १५ ते २५ ग्रॅम. गिळताना ती श्वासनलिकेबरोबर वर-खाली होते, म्हणूनच डॉक्टर मानेवर बोटं ठेवून आवंढा गिळायला सांगतात.

सूक्ष्मदर्शकाखाली ही ग्रंथी असंख्य बारीक पोकळ पुटिकांची बनलेली दिसते. प्रत्येक पुटिकेची भिंत म्हणजे पेशींचा एकेरी थर, आणि आत दाट, चिकट द्रव. त्याला कोलॉइड म्हणतात. भिंतीतल्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेतात, कोलॉइडमधल्या प्रथिनाला ते जोडतात आणि गरजेप्रमाणे टी-४ आणि टी-३ ही हार्मोन्स रक्तात सोडतात. किती सोडायची याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीकडून येतो. तो हुकूम म्हणजे टीएसएच. रक्तात थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की टीएसएच वाढतं, जास्त झालं की घटतं.

आता आठ मिलिमीटर लांब, सहा रुंद आणि पाच जाड अशा गाठीचं आकारमान काढलं तर ते जेमतेम एक अष्टमांश मिलिलिटर भरतं. म्हणजे ग्रंथीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. उरलेली ग्रंथी नेहमीसारखी काम करत असते, मग टीएसएच बिघडायचं कशाला? रक्ततपासणी ग्रंथीचं काम मोजते, सोनोग्राफी तिची घडण दाखवते. दोन्ही कागद खरेच असतात.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी. टीएसएच नॉर्मल आहे म्हणून गाठ निर्धोक ठरत नाही, कारण थायरॉईडच्या कॅन्सरमध्येही टीएसएच सहसा नॉर्मलच असतं. तरीही गाठ सापडल्यावर रक्ताची पहिली तपासणी टीएसएचचीच करतात, आणि त्याला नेमकं कारण आहे. काही गाठी पिट्यूटरीचा हुकूम न जुमानता स्वतःच हार्मोन बनवत सुटतात. मग टीएसएच खाली जातं, छाती धडधडते, वजन उतरतं, हात थरथरतात. अशा वेळी अत्यल्प किरणोत्सारी द्रव्य देऊन स्कॅन काढतात. गाठीनं ते द्रव्य आसपासच्या भागापेक्षा जास्त शोषलं तर तिला 'हॉट' गाठ म्हणतात. अशा गाठीत कॅन्सर क्वचितच निघतो, पण जास्तीच्या हार्मोनवर उपचार लागतात. त्यांपैकी एक किरणोत्सारी आयोडीनचा. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हे काम करत आलं आहे. टीएसएच नॉर्मल असेल तर मात्र या स्कॅनची सहसा गरज नसते.

गाठ तयार कशी होते

ग्रंथीतल्या सगळ्या पेशी एका चालीनं वाढत नाहीत. टीएसएचच्या तेवढ्याच प्रमाणाला काही पेशी जास्त प्रतिसाद देतात आणि शेजारच्या पेशींपेक्षा थोड्या वेगानं विभागतात. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की त्या जागी पुटिकांचा वेगळा पुंजका तयार होतो. त्यात कोलॉइड साठतं, कधी बारीक रक्तवाहिनी फुटून आत रक्त उतरतं, कधी मधला भाग विरघळून पाण्याची पोकळी होते. सोनोग्राफीत दिसणाऱ्या बहुतेक गाठी अशाच निरुपद्रवी वाढीच्या असतात. हाशिमोटो नावाच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉईडवर उलटते. त्या दाहामुळे ग्रंथी इतकी खडबडीत होते की सुजेचा एखादा भागही पडद्यावर गाठीसारखा भासतो.

आयोडीन कमी पडलं तर टीएसएच सतत वाढलेलं राहतं आणि ग्रंथी फुगत जाते. हाच गलगंड. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात तो इतका सर्रास होता की गावंच्या गावं सुजलेल्या मानेची दिसत. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात मिठात आयोडीन मिसळून पाहिलं आणि गलगंडाचं प्रमाण उतरलं. १९६२ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, आणि आज आपल्या डब्यातल्या मिठात आयोडीन असतं ते त्याच प्रयत्नांमुळे. भारतीय वैद्यकातल्या मोठ्या कामगिऱ्यांपैकी ही एक आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

मीठ सुधारलं म्हणून गाठी नाहीशा झाल्या नाहीत. वय, स्त्री असणं आणि घराण्यात गाठी असणं ही त्यांची नेहमीची कारणं आयोडीन पुरेसं असतानाही कायम राहतात.

शोधलं की सापडतं

हातानं तपासून लागण्याइतकी गाठ आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या भागात सुमारे पाच टक्के स्त्रियांना आणि एक टक्का पुरुषांना असते. त्याच लोकांची सोनोग्राफी केली तर चित्र पार बदलतं. कोणतीही तक्रार नसलेल्या प्रौढांमध्ये सोनोग्राफीत गाठी सापडण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत १९ ते ६८ टक्के इतकं आलेलं आहे. मशीन जितकं बारीक पाहणारं, तितक्या गाठी अधिक. तपासाव्या लागणाऱ्या गाठींपैकी साधारण ७ ते १५ टक्के कॅन्सरच्या निघतात, आणि त्यातही सर्वांत जास्त आढळणारा 'पॅपिलरी' प्रकार बहुधा अतिशय संथ असतो.

किती संथ? फिनलंडमध्ये १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर कारणांनी मरण पावलेल्या १०१ व्यक्तींच्या थायरॉईड ग्रंथींचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप करून तपासले. ३६ जणांच्या ग्रंथीत पॅपिलरी कॅन्सरचे बारीक ठिपके होते. ती माणसं त्या कॅन्सरनं गेली नव्हती.

ही गोष्ट न उमगल्यामुळे काय होतं ते दक्षिण कोरियानं भोगलं. तिथे १९९९ मध्ये सरकारनं काही कॅन्सरांसाठी राष्ट्रीय तपासणी मोहीम सुरू केली. थायरॉईड त्या यादीत नव्हता. पण रुग्णालयं थोडे जास्तीचे पैसे घेऊन मानेची सोनोग्राफीही करून देऊ लागली आणि लोकांनी ती आनंदानं करून घेतली. २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं होतं. त्या एका वर्षात ४० हजारांहून अधिक लोकांना हे निदान मिळालं, आणि जवळजवळ सगळ्यांचं ऑपरेशन झालं. या सगळ्या काळात थायरॉईड कॅन्सरनं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण मात्र जागच्या जागी राहिलं. लवकर शोधल्यामुळे जीव वाचत असते तर मृत्यू घटायला हवे होते. कॅन्सरची खरीच साथ असती तर ते वाढायला हवे होते. दोन्ही घडलं नाही.

ऑपरेशनची किंमत मात्र खरी होती. थायरॉईडच्या मागे कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार चिमुकल्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, आणि अगदी लागून स्वरयंत्राची नस जाते. कोरियातल्या ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे ११ टक्क्यांना पॅराथायरॉईडचा त्रास झाला आणि २ टक्क्यांची स्वरतंतूची हालचाल गेली. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी एकत्र येऊन लोकांना जाहीर आवाहन केलं की तक्रार नसताना ही सोनोग्राफी करू नका. वर्षभरात ऑपरेशनांची संख्या एक तृतीयांशाहून अधिक घटली. त्या डॉक्टरांनी आपल्याच व्यवसायाच्या प्रवाहाविरुद्ध उभं राहून हे केलं, याचं मला फार मोल वाटतं.

पडद्यावर काय दिसतं

मग सापडलेल्या गाठीतली संशयास्पद कोणती, हे ओळखायचं कसं? इथे सोनोग्राफीइतकं उपयोगी दुसरं साधन नाही, आणि तिचं तंत्र समजलं की रिपोर्टमधले शब्द परके वाटत नाहीत.

सोनोग्राफीचं यंत्र कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी मानेत सोडतं. दोन वेगळ्या पदार्थांच्या सीमेवर लहरीचा काही भाग परत फिरतो आणि त्या परतलेल्या लहरींवरून चित्र बनतं. शुद्ध पाण्यात अशा सीमाच नसतात, म्हणून पाण्याची गाठ काळीभोर दिसते. निरोगी थायरॉईडमध्ये पुटिकांच्या भिंती आणि कोलॉइड यांच्या अगणित सीमा असतात, म्हणून ती उजळ राखाडी दिसते. पॅपिलरी कॅन्सरमध्ये पेशी एकमेकींना खेटून वाढतात आणि कोलॉइड फारसं उरत नाही. सीमा कमी, प्रतिध्वनी कमी, त्यामुळे भाग गडद. रिपोर्टमध्ये 'हायपोएकोइक' लिहिलेलं असतं ते हेच. एकट्या या शब्दानं घाबरायचं कारण नाही, कारण अनेक साध्या गाठीही गडद असतात.

त्यानंतर गाठीचा आकार पाहतात. साधी गाठ ऊतींच्या थरांच्या दिशेनं, म्हणजे आडवी पसरते. कॅन्सर हे थर ओलांडून वाढू शकतो, म्हणून गाठ रुंदीपेक्षा उंचीला जास्त असणं ही संशयाची ठळक खूण मानतात. कडा गुळगुळीत आहे की दातेरी, आजूबाजूच्या स्नायूंत घुसल्यासारखी वाटते का, हेही बघतात. शेवटी पांढरे ठिपके. टाचणीच्या टोकाएवढे, मागे सावली न टाकणारे ठिपके कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांचे असू शकतात आणि ते पॅपिलरी कॅन्सरमध्ये आढळतात. पण ज्या ठिपक्यामागे लांबट शेपटीसारखी चमक दिसते, तो बहुधा घट्ट झालेल्या कोलॉइडचा असतो आणि निर्धास्त करणारा असतो. हे दोन ठिपके वेगळे ओळखणं अनुभवाचं काम आहे. म्हणून कुठल्या मशीनवर सोनोग्राफी झाली यापेक्षा ती कुणी केली याला मी जास्त महत्त्व देईन.

टायरॅड्सचा आकडा

या सगळ्या खुणांना गुण देऊन बेरीज करायची एक पद्धत अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संस्थेनं २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तीच टायरॅड्स. आपल्याकडच्या रिपोर्टांत आता ती सर्रास दिसते. आतली घडण, गडदपणा, आकार, कडा आणि ठिपके अशा पाच बाबींचे गुण मिळवून गाठ १ ते ५ पैकी एका गटात टाकतात.

इथे एक मोठा घोटाळा होतो. 'टायरॅड्स ४' वाचून अनेकजण चौथ्या स्टेजचा कॅन्सर समजतात आणि हादरतात. या आकड्याचा स्टेजशी काडीचा संबंध नाही. या पद्धतीच्या मूळ माहितीत गट ४ मधल्या सुमारे ९ टक्के गाठी कॅन्सरच्या निघाल्या होत्या, म्हणजे शंभरातल्या ९१ साध्या होत्या. गट ३ मध्ये हे प्रमाण सुमारे ५ टक्के, गट १ आणि २ मध्ये दोन टक्क्यांहून कमी, तर गट ५ मध्ये सुमारे ३५ टक्के होतं.

पुढे काय करायचं हे गट आणि माप दोन्ही मिळून ठरतं. गट १ आणि २ ला सुईच्या तपासणीची गरज नसते. गट ३ ची गाठ अडीच सेंटिमीटरची झाली तर सुई, दीड सेंटिमीटरपासून पुढे नुसती नजर. गट ४ ला दीड सेंटिमीटरला सुई, एक सेंटिमीटरपासून नजर. गट ५ ला एक सेंटिमीटरला सुई, पाच मिलिमीटरपासून नजर. म्हणजे आपली आठ मिलिमीटरची गाठ गट ३ किंवा ४ मधली असेल तर या नियमांनुसार तिच्यावर ठरावीक नजर ठेवण्याचीही सक्ती नाही. डॉक्टर वर्षानं बोलावतात ती जास्तीची खबरदारी असते. तीच गाठ गट ५ मधली असेल तर पाच वर्षं दरवर्षी सोनोग्राफी करायची. युरोप आणि कोरियाच्या पद्धती थोड्या वेगळ्या आहेत आणि तिथे त्याच आकड्याची मर्यादा बदलते, तेव्हा दोन केंद्रांचे आकडे जुळले नाहीत तर कोणती पद्धत वापरली ते विचारावं.

सुईची तपासणी

एफएनएसी म्हणजे बारीक सुईनं गाठीतल्या पेशी ओढून काचेवर पसरून पाहणं. सुई रक्त काढण्याच्या नेहमीच्या सुईपेक्षा सहसा बारीक असते. सोनोग्राफीत पाहत पाहत ती टोचली तर नमुना नेमक्या जागेचा मिळतो. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही भीती घराघरांत ऐकू येते. थायरॉईडच्या बाबतीत सुईच्या वाटेनं पेशी पसरल्याची उदाहरणं अतिशय दुर्मीळ आहेत, आणि त्या भीतीपायी आवश्यक असलेली तपासणी टाळणं जास्त नुकसानीचं.

उत्तर 'बेथेस्डा' नावाच्या सहा गटांत येतं. हाही आकडा स्टेजचा नव्हे. पहिला गट म्हणजे पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत, दुसरा साधी गाठ, सहावा कॅन्सर. मधले गट अनिश्चिततेचे, आणि ती अनिश्चितता प्रयोगशाळेच्या हलगर्जीपणातून येत नाही. 'फॉलिक्युलर' प्रकारच्या गाठीत साध्या आणि कॅन्सरच्या पेशी सुट्या पाहिल्या तर सारख्याच दिसतात. फरक असतो तो पेशींनी गाठीचं आवरण किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का यात, आणि ते पाहायला अख्खी गाठ लागते. म्हणून अशा वेळी पुन्हा सुई, पेशींची जनुकीय चाचणी किंवा ग्रंथीची अर्धी बाजू काढणं असे पर्याय पुढे येतात.

गाठ वाढली, हे ठरवायचं कसं

मागच्या वर्षी आठ मिलिमीटर, यंदा नऊ. घरात सुतक पडल्यासारखी शांतता. आणि बहुतेक वेळा घडलेलं काहीच नसतं. सोनोग्राफीचा दांडा किंचित तिरका धरला, मान थोडी कमी-जास्त मागे झुकली, मोजणारे डॉक्टर बदलले, तरी एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून खरी वाढ मानण्यासाठी नियम कडक आहे: तीनपैकी किमान दोन मापं २० टक्क्यांनी आणि कमीत कमी दोन मिलिमीटरनी वाढलेली हवीत, किंवा आकारमान दीडपट झालेलं हवं.

आकारमानाचं गणित नजरेला फसवतं. लाडू वळताना त्याची रुंदी दुप्पट करायची ठरवली तर पीठ दुप्पट पुरत नाही, आठपट लागतं. कारण लाडू रुंदीत, उंचीत आणि जाडीत एकाच वेळी वाढतो. गाठीचंही तेच. तिन्ही मापं फक्त २० टक्क्यांनी वाढली तर आकारमान ७३ टक्क्यांनी वाढतं. उलट, एकच माप एका मिलिमीटरनं वाढलं आणि बाकीची दोन तशीच राहिली, तर गाठ वाढली असं म्हणता येत नाही. यासाठी रिपोर्टमध्ये तिन्ही मापं असणं गरजेचं असतं. 'लहान गाठ, ८ मि.मी.' एवढंच लिहिलेल्या कागदाचा पुढच्या वर्षी तुलनेला काही उपयोग होत नाही.

वाढ खरी ठरली तरी ती कॅन्सरची असेलच असं नाही. इटलीत ९९२ रुग्णांच्या साध्या ठरलेल्या गाठींवर पाच वर्षं नजर ठेवली गेली. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. १५ टक्के रुग्णांमध्ये गाठी वाढल्या, १८ टक्के रुग्णांमध्ये लहान झाल्या, बाकीच्यांच्या जवळपास तशाच राहिल्या. कॅन्सर निघाला तो हजार गाठींमागे तीन गाठींत. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करून मनाला शांती मिळवू पाहणाऱ्यांनी हा अभ्यास लक्षात ठेवावा. एवढ्या अंतरात खरी वाढ दिसण्याआधी मोजमापाची चूकच दिसते, आणि काळजी मात्र वर्षातून चार वेळा होते.

कॅन्सर ठरल्यावरही थांबणारे

जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलमध्ये डॉ. अकिरा मियाउची यांनी १९९३ मध्ये एक धाडसी प्रस्ताव मांडला. एक सेंटिमीटरपर्यंतच्या, कुठेही न पसरलेल्या पॅपिलरी कॅन्सरचं लगेच ऑपरेशन न करता ठरावीक अंतरानं सोनोग्राफी करत राहायचं. श्वासनलिकेला किंवा स्वरयंत्राच्या नसेला चिकटलेल्या गाठी आणि मानेतल्या लसिकाग्रंथींत पसरलेले कॅन्सर त्यांनी यातून आधीच वगळले. १,२३५ रुग्णांच्या नोंदींतून दिसलं की दहा वर्षांत फक्त ८ टक्के रुग्णांच्या गाठी तीन मिलिमीटर किंवा अधिक वाढल्या आणि ४ टक्क्यांहून कमी रुग्णांना लसिकाग्रंथींत नवा प्रसार झाला. ज्यांचं ऑपरेशन नंतर करावं लागलं त्यांचंही उशिरामुळे बिघडलं नाही; थायरॉईडच्या कॅन्सरनं त्यांच्यातलं कुणीही दगावलं नाही. वय वाढतं तशी वाढीची शक्यता कमी होते, हेही याच अभ्यासातून पुढे आलं.

हा मार्ग प्रत्येकाला झेपेलच असं नाही. त्यासाठी अनुभवी सोनोग्राफी, वेळेवर येणारा रुग्ण आणि बारकाईनं जपलेल्या नोंदी लागतात. पण निदान पक्कं झालेला छोटा कॅन्सरही नजरेखाली ठेवता येतो, तर आठ मिलिमीटरच्या निदान न झालेल्या गाठीसाठी वर्षभर थांबणं हा डॉक्टरांचा निष्काळजीपणा ठरत नाही. तो अभ्यासातून आलेला उपचार आहे.

| या खुणा असतील तर वर्षभर थांबू नका |
|---|
| गाठ काही आठवड्यांत भराभर वाढतेय किंवा दगडासारखी घट्ट, एका जागी खिळलेली लागतेय. |
| आवाज बसला आहे आणि काही आठवड्यांत सुधारलेला नाही. |
| गिळायला किंवा श्वास घ्यायला अडथळा होतो. |
| मानेच्या बाजूला वेगळी गाठ हाताला लागते. |
| लहानपणी मानेला किंवा डोक्याला किरणोपचार झाले आहेत, किंवा जवळच्या नात्यात थायरॉईडचा कॅन्सर, विशेषतः मेड्युलरी प्रकार, झालेला आहे. |
| गाठ लहान मुलाच्या थायरॉईडमध्ये आहे. |
| दुसऱ्या कारणासाठी केलेल्या पेट स्कॅनमध्ये नेमकी ती गाठ चमकली आहे. |
| गाठ अचानक दुखू लागून फुगली, तर बहुधा आत रक्त उतरलेलं असतं; तरीही दाखवून घ्या. |

गोळ्या, मीठ आणि रिपोर्टची फाईल

थायरॉईडच्या गोळीनं गाठ विरघळते, असं पूर्वी मानत आणि तशा गोळ्या देतही. टीएसएच मुद्दाम खाली दाबायचं, म्हणजे गाठीची वाढ थांबेल, हा त्यामागचा विचार. फायदा फार थोडा आणि अनिश्चित निघाला, तर हाडं ठिसूळ होणं आणि हृदयाचे ठोके बिघडणं हे धोके खरे ठरले, म्हणून आता हा उपाय सुचवत नाहीत. टीएसएच खरंच वाढलेलं असेल तर गोळी घ्यायचीच, पण ती हार्मोनच्या कमतरतेसाठी.

प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि आयोडीनयुक्त मिठाच्या नेहमीच्या स्वयंपाकातून ते मिळतं. गाठ जावी म्हणून वरून समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल घेतल्या तर गाठ जात नाही, उलट हार्मोनचा तोल बिघडू शकतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना जरूर सांगा. बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे काही प्रयोगशाळांतल्या चाचणीत टीएसएच खोटंच कमी येतं आणि नसलेल्या आजाराच्या मागे धावावं लागतं.

ज्यांना तक्रार नाही, मानेला गाठ लागत नाही आणि वरच्या खुणांपैकी एकही नाही, त्यांनी चेकअप पॅकेजमध्ये मिळतेय म्हणून थायरॉईडची सोनोग्राफी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा तज्ज्ञगटानंही २०१७ मध्ये तक्रार नसलेल्या प्रौढांची अशी तपासणी करू नये, हीच शिफारस केली.

ज्यांची गाठ सापडलेली आहे त्यांनी डॉक्टरांनी दिलेली तारीख पाळावी आणि शक्य तर त्याच केंद्रात, त्याच डॉक्टरांकडे सोनोग्राफी करावी. रिपोर्टमध्ये गाठीची जागा, तिन्ही मापं आणि टायरॅड्सचा गट लिहून मागा. आणि जाताना जुने सगळे रिपोर्ट आणि फिल्म बरोबर घ्या. हे सगळं डॉक्टरांना सोनोग्राफी सुरू करण्याआधी दाखवा, म्हणजे ते तुमची गाठ मागच्या मापांशी ताडून मोजू शकतील.